जुन्या प्रश्नपत्रिका पुरेशा नाहीत

गणिताची परीक्षा पुन्हा द्यायची तर धडे बाजूला ठेवून फक्त जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात, असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटतं. वेळेचा अंदाज त्यातूनच येतो, खरंय. पण दुसऱ्यांदा बसणाऱ्याला रीत बहुतेक येत असते, कुठे कोणती रीत लावायची तिथे गाडी अडते. धड्याखालचा स्वाध्याय हे कधीच शिकवत नाही, कारण उत्तर कोणत्या रीतीने काढायचं ते धड्याच्या नावातच लिहिलेलं असतं! इंटिग्रेशनची (म्हणजे डेरिव्हेटिव्हच्या उलट क्रियेची) ही तीन गणितं शेजारी ठेवून बघा: क्ष/(क्ष²+१), १/(क्ष²+१) आणि क्ष²/(क्ष²+१). छेद एकच. पहिल्यात सब्स्टिट्यूशन करून (छेदाला नवं चल मानून) लॉग येतो, दुसऱ्याचं उत्तर थेट टॅन इन्व्हर्स, तर तिसऱ्यात अंशात १ मिळवून १ वजा करायचा की क्ष वजा टॅन इन्व्हर्स क्ष मिळतं. असे जुळे-तिळे स्वतः जमवा, प्रकरणं मिसळा, आणि सोडवण्याआधी नुसती रीत ओळखून एका ओळीत लिहा.

अशा मिश्र सरावावर प्रयोगही झालेत. सराव करताना प्रकरणं मिसळून सोडवणाऱ्या मुलांच्या चुका एकेक धडा घेणाऱ्यांपेक्षा जास्त होतात, पण काही दिवसांनी चाचणी घेतली की तीच पुढे असतात. म्हणून पहिल्या आठवड्यात गुण घसरलेले दिसले तर कृपया घाबरून पुन्हा एकेका धड्याकडे वळू नका. आणि इंटिग्रेशनचं उत्तर डेरिव्हेटिव्ह काढून ताडून बघायला अर्धा मिनिट पुरतो, तेवढा प्रत्येक वेळी द्याच.