प्रसूतीच्या वेळची ‘आतून तपासणी’

“एवढ्या कळा सोसायच्याच असतात, मग तपासणीचं काय एवढं?” असं प्रसूतीतल्या आतून तपासणीबद्दल एका ताईंनी विचारलंय. मला हे अजिबात पटत नाही. कळ येते आणि ओसरते. आतून तपासणी, म्हणजे योनीत बोटं घालून गर्भाशयाचं तोंड किती उघडलंय ते पाहणं, मात्र आपल्याकडे कित्येकदा न सांगता, पडदा न ओढता, कधी ऐन कळेत होते. बाई घाबरून अंग चोरते, मांड्या-ओटीपोट आखडतं आणि दुखणं आणखी वाढतं. पुढच्या वेळी नुसते हातमोजे दिसले तरी धडकी भरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार सगळं सुरळीत असेल तर गर्भाशयाचं तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यावर दर ४ तासांनी तपासणी पुरते. वेगवेगळ्या लोकांनी पुन्हापुन्हा तपासणं टाळावं, असंही त्यात आहे; शिकाऊ डॉक्टरांची रांग लावणाऱ्यांनी हे वाचावं. जंतुसंसर्गाचा धोका वाढतो तो वेगळाच.

बाळाचे ठोके मंदावले तर लगेच तपासावं लागतं, मान्य. पण तेव्हाही “आता तपासते हं, का ते सांगते” एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो? आणि आई किंवा बहीण शेजारी असू द्या. सरकारी दवाखान्यांतली प्रसूतिसेवा सुधारण्यासाठीच्या सरकारच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही प्रसूतिकक्षात सोबतीणीला जागा आहे, ती हक्कानं मागा.