प्रतिसाद: डॉट म्युझिक आणि आमचं भजन मंडळ

भाऊ, ‘युट्यूब आहे ना, मग गाणाऱ्यांना वेगळं डॉट म्युझिक कशाला?’ असं तुम्ही विचारलंय. डॉट म्युझिक म्हणजे वेबपत्त्याच्या शेवटी डॉट कॉमऐवजी लागणारं, संगीतवाल्यांसाठीचं नाव. मला ते हवं वाटतं, आणि कारण घरचंच आहे.

आमच्या मंडळाचं खंजिरीभजन कुणीतरी मोबाईलवर टिपलं आणि स्वतःच्या नावानं टाकलं. पुढं आम्ही आमचंच रेकॉर्डिंग चढवलं, तर हक्काचा दावा आमच्यावरच! हे मंडळ आमचं, असं दाखवायला आमचा स्वतःचा पत्ताच नव्हता.

डॉट कॉम तर कुणीही घेतं. २०१२ मध्ये आयकॅननं, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेनं, डॉट कॉमसारख्या नवीन नामविस्तारांसाठी अर्ज मागवले, तेव्हा डॉट म्युझिकसाठी ८ अर्ज आले. त्यात गूगल होतं, अ‍ॅमेझॉन होतं. अर्जाची फीच १,८५,००० डॉलर! संगीत समुदायाच्या वतीनं उतरलेल्यांचा आग्रह होता की नाव घेणारा खरंच संगीतातला आहे का, हे तपासावं. मला हे तपासणंच सगळ्यात मोलाचं वाटतं.

पण ती तपासणी आमच्या झाडीपट्टीला, म्हणजे पूर्व विदर्भाला, झेपेल अशी हवी. दंडारीतल्या (आमच्याकडच्या लोकनाट्यातल्या) गाणाऱ्याकडे ना अल्बम, ना कंपनीचा करार. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, रात्रभर गातो, हाच त्याचा पुरावा. तो कोण मानणार? गावच्या ग्रामपंचायतीचा दाखला चालायला हवा, असं माझं मत.

आणि पत्ता देवनागरीत हवा. आमचे म्हातारे टाळकरी रोमन वाचत नाहीत. डॉट भारत २०१४ पासून देवनागरीत आहे. तूर्त आम्ही तिथंच मंडळाचं नाव नोंदवतोय, पैसे वर्गणीतून.