सल्ला हवा: लॅबच्या सर्व्हरची दुसरी प्रत कुठे ठेवू, इथेच की पुण्याला?

रामदासपेठ_लॅब

नमस्कार मंडळी. नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबची सिस्टिम मी सांभाळते. पोस्टग्रेस डेटाबेस, रिपोर्टच्या पीडीएफ, स्लाइडचे फोटो, सगळं एकाच लिनक्स सर्व्हरवर आहे. मिळून दोन टीबी.

मागच्या महिन्यात सकाळी सातला रेड कंट्रोलर (सगळ्या डिस्क सांभाळणारं कार्ड) गेला. उपाशीपोटी आलेले पेशंट रांगेत उभे आणि बारकोड निघेना. ट्यूबवर पेनानं नावं लिहिली. त्यात एकाच आडनावाच्या दोन बाया निघाल्या, दोघींना पुन्हा सुई टोचावी लागली. ते माझ्या मनातून अजून जात नाही.

आता दुसरा सर्व्हर मंजूर झाला आहे. डीआरबीडी, म्हणजे एका सर्व्हरच्या डिस्कवर लिहिलेलं नेटवर्कवरून दुसऱ्याच्या डिस्कवरही उतरवणारं सॉफ्टवेअर, लावायचा विचार आहे. दुसरा सर्व्हर लॅबमध्येच ठेवू, की पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये? तिकडची लाइन ५० एमबीपीएस मिळते.

हिंगणा_रॅक

ताई, तुम्ही एका सर्व्हरकडून दोन कामं मागून राहिल्या. मशीन बिघडलं तर दोन मिनिटांत दुसऱ्यानं उचलायचं, हे एक. अख्खी इमारतच गेली तरी डेटा वाचायचा, हे दुसरं. पहिल्याला जोडीदार जवळ लागतो, दुसऱ्याला लांब.

डीआरबीडीच्या प्रोटोकॉल सी मध्ये दोन्हीकडच्या डिस्कवर लिहून झाल्याशिवाय ॲप्लिकेशनला 'झालं' असं उत्तर जात नाही. म्हणून एक सर्व्हर मेला तरी कमिट झालेली, म्हणजे पक्की झालेली, एकही नोंद जात नाही. पण हे पुण्याशी करू नका. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सातेकशे किलोमीटर जाऊन परत यायला सात मिलिसेकंद, तेही केबल सरळ असेल तर आणि मधला एकही राउटर न मोजता. एकामागून एक कमिट करणाऱ्या कामाला सेकंदाला दीडशेचाही वेग मिळणार नाही. काउंटरवरची पोरं तुमच्या नावानं ओरडतील.

मंजूर झालेला सर्व्हर लॅबमध्येच, पण वेगळ्या खोलीत, वेगळ्या यूपीएसवर ठेवा. दोघांच्या मध्ये थेट १० गीगाबिटची केबल टाका. पुण्याला साधं, भरपूर डिस्कचं तिसरं मशीन घ्या.

वर्धा_रोड_डीबीए

पोस्टग्रेसला स्वतःचं स्ट्रीमिंग रेप्लिकेशन (बदल सतत दुसऱ्या सर्व्हरवर पाठवणं) असताना ब्लॉकच्या, म्हणजे डिस्कच्या तुकड्यांच्या, पातळीवर कशाला जायचं? त्यातल्या दुसऱ्या प्रतीवर, स्टँडबायवर, वाचनाच्या क्वेरी चालतात. डीआरबीडीची दुसरी बाजू एरवी माउंटही करता, म्हणजे उघडून वाचता, येत नाही.

हिंगणा_रॅक

नुसता डेटाबेस असता तर मीही हेच म्हटलं असतं भाऊ. पण पीडीएफ आणि फोटो डेटाबेसच्या बाहेर आहेत. डेटाबेस एका क्षणाचा आणि फाइली दुसऱ्या क्षणाच्या झाल्या, तर रिपोर्टची नोंद दिसते पण रिपोर्ट उघडत नाही. एकाच व्हॉल्यूमवर दोन्ही ठेवून खालून ब्लॉक रेप्लिकेट केले की तो घोळ उरत नाही.

बुटीबोरी_पाळी

ताई, माझं एवढं एक नक्की ऐका. दोनच नोड (जोडलेले सर्व्हर) असतील तर स्प्लिट-ब्रेन टाळायची सोय आधी करा, बाकी सगळं मागून.

आमच्या कारखान्यात दोन नोड होते आणि मध्ये एकच स्विच. रात्रपाळीत स्विचचा ॲडॅप्टर जळला. दोन्ही सर्व्हर जिवंत, पण एकमेकांना दिसेनात. प्रत्येकाला वाटलं समोरचा मेला, दोघेही प्रायमरी, म्हणजे लिहून घेणारे मुख्य, झाले. गेटवरचा वजनकाटा एकावर लिहीत होता, स्टोअर दुसऱ्यावर. सकाळी ॲडॅप्टर बदलला तर लॉगमध्ये ओळ आली की स्प्लिट-ब्रेन सापडला, कनेक्शन सोडलं. अशा वेळी एका बाजूचे बदल टाकूनच द्यावे लागतात, डीआरबीडी दोन्हीकडच्या नोंदी एकत्र करून देत नाही. आम्ही गेटच्या कागदी पावत्या पसरून दोन रात्री हातानं नोंदी भरल्या. तुमच्याकडे ते रक्ताचे रिपोर्ट असतील.

उपाय म्हणजे डीआरबीडी ९ आणि क्वोरम, म्हणजे बहुमताचा नियम. तिसरा नोड डिस्क नसलेला, छोटासा पीसीही चालतो, तो फक्त मत देतो. ज्याच्याकडे बहुमत नाही त्याचं लिहिणं थांबतं. लिनक्स कर्नलसोबत येतं ते ८.४, त्यात हे नाही, ९ चं मॉड्यूल वेगळं टाकावं लागतं. पेसमेकरमध्ये (फेलओव्हर, म्हणजे काम आपोआप दुसऱ्या सर्व्हरकडे, नेणारं सॉफ्टवेअर) फेन्सिंगही, म्हणजे बिघडलेल्या सर्व्हरला जबरदस्तीनं बंद करणंही, चालू ठेवा. फेन्सिंग सर्व्हरच्या आयपीएमआयवरून (त्याच्यातल्याच, लांबून बंद-चालू करायच्या चिपवरून) करणार असाल तर एक ध्यानात घ्या: त्या सर्व्हरची वीजच गेली तर आयपीएमआयही उत्तर देत नाही आणि फेलओव्हर अडकून बसतो. नेटवर्कवरून बंद-चालू करता येणारी पॉवर स्ट्रिप जोडीला ठेवा.

रामदासपेठ_लॅब

खूप आभार. खरं सांगते, क्वोरमचा मी विचारच केला नव्हता. पण दोन खोल्या पुरत असतील तर पुण्याचा खर्च मालकांना कसा पटवू?

हिंगणा_रॅक

त्यांना २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवून द्या. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तळघरं आणि तळमजले बुडाले. एकाच इमारतीत दोन सर्व्हर असून त्या रात्री काय उपयोग झाला असता?

पुण्याकडे प्रोटोकॉल ए लावा. त्यात इथल्या डिस्कवर लिहिलं आणि पाकीट पाठवायच्या बफरमध्ये (तात्पुरत्या रांगेत) पडलं की काम पुढे सरकतं. इथली इमारत अचानक गेली तर शेवटचं थोडं जाईल, ते किती चालेल हे मालकांकडूनच लिहून घ्या. बफर भरला की मात्र इथलंही लिहिणं अडतं, म्हणून गर्दीच्या वेळी मागे पडायची मुभा देणारी सेटिंग चालू करा. मागे पडलेली प्रत पुन्हा जुळवून घेताना पुण्याचा डेटा काही काळ अर्धवट असतो. नेमका त्याच वेळी घात झाला तर हाती काही लागत नाही. म्हणून रीसिंक (ही जुळवाजुळव) सुरू होण्याआधी तिथे आपोआप एलव्हीएम स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली प्रत) निघेल असा हँडलर (ठरल्या वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) लावा.

पहिली प्रत लाइनवरून पाठवू नका. दोन टीबीला ५० एमबीपीएसवर पावणेचार दिवस लागतात. इथे गीगाबिटवरही पाच तासांत होते. पुण्याचं मशीन आधी लॅबमध्ये आणून भरा, मग पाठवा. नंतर फक्त बदललेले ब्लॉक जातात.

वर्धा_रोड_डीबीए

ब्लॉकचं माझं म्हणणं मागे घेतो. पण बॅकअप बंद करू नका. कोणी चुकून टेबल उडवलं किंवा रॅन्समवेअर शिरलं, तर ते तिन्ही प्रतींवर तितक्याच इमानानं पोचेल. रोजचा डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) आणि वॉल फाइली (पोस्टग्रेसच्या बदलांची नोंदवही) वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या पासवर्डनं ठेवा. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून एखाद्या जुन्या पेशंटचा रिपोर्ट उघडून पाहा.

रामदासपेठ_लॅब

ठरलं. दुसरा सर्व्हर वरच्या मजल्यावर, मत द्यायला रिसेप्शनचा जुना पीसी, पुण्याचं मशीन दिवाळीनंतर. पहिली फेलओव्हर चाचणी रविवारी दुपारी, लॅब बंद झाल्यावर, चालू सर्व्हरची विजेची वायर ओढून करणार आहे. बुटीबोरीचे दादा, तेव्हा मधली केबलही वेगळी ओढून पाहू का?

बुटीबोरी_पाळी

नक्की ओढा. आधी केबल, मग वीज. दोन्ही वेळा प्रायमरी एकच राहिला का ते बघा आणि इथे कळवा.