टेक्सासात शेळ्या पाळतो, कायोटी मारावा का?

ब्लँकोचा शेळीवाला
मंडळी, ऑस्टिनच्या पश्चिमेला ब्लँको काउंटीत थोडी जमीन आहे. नोकरी सांभाळून बोअर जातीच्या, मटणासाठीच्या शेळ्या पाळतो. यंदा शेळ्या व्यायल्या आणि करडं गायब व्हायला लागली. काल एक अर्धवट खाल्लेलं कुंपणापाशी सापडलं. शेजारचा रँचवाला म्हणतो, ट्रॅपर म्हणजे सापळेवाला बोलव, दिसेल तो कायोटी (लांडग्याहून लहान, कोल्ह्यासारखा इथला जंगली प्राणी) उडव, इथे त्याला मारायला बारा महिने मोकळीक आहे. माझं मन होत नाही. त्यावर बायको म्हणते, "ईदेला बोकड विकताना बरी दया येत नाही तुला!" कोणाला अनुभव आहे का? विष घालावं का?

शेळ्यांची डॉक्टरीण, सॅन अँजेलो
विषाचं नावसुद्धा काढू नका. २०१७ साली आयडाहो राज्यात पोकाटेलोजवळ सरकारी खात्यानेच कायोटीसाठी पुरलेला सायनाइडचा सापळा एका शाळकरी मुलाच्या हाताखाली उडाला. मुलगा वाचला, कुत्रा गेला.

मारायचं की नाही ते नंतर बघू. आधी करडू कोणी मारलं ते शोधा. सापडलेल्या करडाची गळ्याकडची कातडी सोला. आत रक्त साकळलेलं असेल तर जिवंतपणी धरलंय. नसेल तर मेलेलं करडू कोणीतरी नंतर खाल्लंय, आणि खाणारा कायोटी असला तरी खुनी नव्हे. कायोटी बहुधा जबड्याखाली गळा धरतो. मागचे पाय, कान, शेपटी असं वाटेल तिथे फाडलं असेल तर कुत्री. ती शेजाऱ्याचीही निघू शकतात, तेव्हा बोलताना जपून. डोळे आणि बेंबी टोचलेली दिसली तर काळी गिधाडं. त्यांना परवान्याशिवाय मारता येत नाही.

कायोटीच निघाला, तरी दिसेल तो मारण्यात अर्थ नाही. नर-मादीची जोडी आपली हद्द राखून असते आणि परक्या कायोटींना आत येऊ देत नाही. कॅलिफोर्नियात हॉपलंडच्या संशोधन केंद्रात पाहिलं, तर मेंढ्या मारणारे बहुतेक अशा जोडीतलेच होते. पोरं भरवायची असली की जास्तच. तेव्हा नेमकी ती जोडी गेली तर काही काळ आराम मिळतो. पण तुमच्याकडची जोडी सशा-उंदरांवर भागवणारी असेल आणि ट्रॅपरने तीच उचलली, तर मोकळ्या जागेत कोण येऊन बसेल ते सांगता येत नाही. केंद्र सरकारचं तेच सापळेवालं खातं वर्षाला साधारण ६० हजार कायोटी मारतं. तरी हा प्राणी पश्चिमेच्या माळरानांवरून पार पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरलाच.

तूर्त एवढं करा: व्यायला आलेल्या शेळ्या गोठ्यात घ्या, वार आणि मेलेली करडं उघड्यावर टाकू नका, कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला जमिनीलगत विजेची एक तार ओढा. कायोटी उडी मारण्याआधी खालून उकरून बघतो.

मिडलँडकर
ताई, दहा-वीस एकरांत हे जमतं. आमच्या ओळखीतल्या एकाचं रान मैलोन्‌मैल आहे, मेंढ्या रात्री कोंडणार कुठे? त्याच्यासारख्यांना क्रूर म्हणणं सोपं आहे. लोकरीचं सरकारी अनुदान नव्वदच्या दशकात बंद झालं तेव्हापासून धंदा तसाही मोडकळीला आलाय. त्यात पहाटे चार कोकरं फाडलेली दिसली की माणूस बंदूक काढतोच.

फलटणकडचा
आमच्या धनगरांच्या वाड्यांना, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या तांड्यांना, लांडग्याचा त्रास आहे. तिकडे लांडगा मारणं गुन्हा. रात्री मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, भोवती कुत्री आणि एकजण जागा. तरी वर्षातून एखादं कोकरू जातंच, आणि म्हातारे ते लांडग्याच्या वाट्याचं धरतात. नुकसानभरपाईच्या पंचनाम्यासाठी वाडा थांबवायचा कोणी, हाही प्रश्न असतो.

ब्लँकोचा शेळीवाला
कातडी सोलली. गळ्यापाशी रक्त साकळलंय, दातांच्या खुणाही आहेत. म्हणजे कायोटीच. तारेचं काम शनिवारी. ग्रेट पिरनीज जातीचा राखणीचा कुत्रा आणावा म्हणतो, पण तो रात्रभर भुंकतो म्हणे. गाढव चालेल का?

शेळ्यांची डॉक्टरीण, सॅन अँजेलो
भुंकणं हेच त्याचं काम. गाढव चालेल, पण एकच घ्या. दोन आणलीत की ती एकमेकांत रमतात, शेळ्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. मादी किंवा खच्ची केलेला नर घ्या. खच्ची न केलेला नर करडांनाच चावतो.