घरात लॅब्राडोर, परसात कोंबड्या: दोन्ही एकत्र कसं सांभाळता?

आगरातली
नमस्कार मंडळी. मे महिन्यात पुण्याचं बिऱ्हाड आवरून आम्ही गुहागरजवळ सासरी राहायला आलो. सोबत ब्रुनो, साडेतीन वर्षांचा लॅब्राडोर कुत्रा, म्हणजे आमचा लॅब. फ्लॅटमध्ये वाढलेला, गॅलरीतली कबुतरं सोडली तर पक्षी म्हणून काही पाहिलेलं नाही. इथे सासूबाईंच्या आठ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा, दिवसभर अंगणात मोकळे.

परवा दुपारी जेवणं आटोपून सगळे लवंडलो होतो. पडवीत बांधलेल्या ब्रुनोच्या साखळीची कडी निसटली. कलकलाट ऐकून धावले तोवर तो सासूबाईंच्या खाटेपाशी कोंबडी ठेवून शेपटी हलवत बसला होता, नाकावर एक तांबूस पीस चिकटलेलं. अंगावर रक्ताचा थेंब नाही, पण कोंबडी गेलेली. नेमकी अंड्यावर आलेली होती.

सासरे म्हणतात, मेलेली कोंबडी गळ्यात तीन दिवस बांध, जन्माची खोड मोडते. नवरा म्हणतो, याला कायमचा बांधून ठेवू. मला दोन्ही पटत नाही. खरंच काही उपाय आहे का?

हुरडापार्टी
गळ्यात बांधायचा प्रयोग आमच्या काकांनी केलाय. पहिल्या दिवशी कुत्रा लाजल्यासारखा दिसला, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी वास सुटला. तिसऱ्या दिवशी त्यानेच ती कोंबडी खाल्ली. पुढची कोंबडी आठवड्याभरात गेली. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

चिराबंदी
ताई, आधी जाळी, मग शिकवण. कुत्रा कितीही शहाणा झाला तरी तुम्ही दुपारी झोपणारच.

बाजारात कोंबडीसाठी म्हणून जी षटकोनी बारीक तारेची जाळी मिळते ती कोंबडी आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. आमच्या कुत्रीने पंजाने ओढून भगदाड पाडलं होतं. वेल्डमेश, म्हणजे जाड तारा वेल्डिंगने जोडलेली चौकोनी जाळी घ्या, अर्ध्या इंचाची. महाग पडते, पण मुंगूसही अडतं, आणि आपल्याकडे कुत्र्याइतकाच मुंगसाचा ताप.

दुसरं म्हणजे तळ. कुत्रा उडी मारण्याआधी उकरून बघतो. जाळी जमिनीपाशी संपवू नका. खाली काटकोनात वाकवून दीड फूट बाहेरच्या बाजूला पसरा आणि वर चिरे किंवा दगड ठेवा. कुत्रा जाळीला नाक लावून तिथेच उकरतो, पंजाला जाळी लागते, सोडून देतो. खोल चर खणायची गरज नाही, आणि आपल्या जांभ्यात खणणार तरी कोण!

जागा: रात्रीच्या खुराड्यात कोंबडीमागे दोन चौरस फूट चालतं, पण दिवसभर कोंडायच्या तर दहा तरी धरा. म्हणजे तुमच्या आठ जणांना ऐंशी चौरस फुटांचा वाडा. आडोशाला झावळ्या टाका. कोंबडी धावताना दिसलीच नाही तर निम्मा ताप तिथेच संपतो. दाराला नुसती कडी नको, स्प्रिंगचा हूक लावा. साखळीची कडी कशी निसटते ते तुम्ही पाहिलंच.

दोन_शेपट्या
ब्रुनोवर रागावू नका. लॅब ही उचलून आणून देणारी जात, त्याने तेच केलं. त्याच्या लेखी तो खेळ होता आणि बक्षिसाची वाट बघत बसला होता.

मी माझ्या दोघांना असं शिकवलं. आधी भरपूर फिरवून दमवायचं. मग पट्टा लावून वाड्यापासून इतक्या लांब उभं राहायचं की कोंबड्या दिसतील, पण हातातलं खाऊ तो घेईल. खाऊ घेत नसेल तर तुम्ही फार जवळ आहात, मागे या. कोंबडीवरून नजर काढून तुमच्याकडे बघितलं की लगेच तुकडा. रोज दहा मिनिटं, दोनदा. काही दिवसांनी चार पावलं पुढे. आमच्या मोठ्याला दोन महिने लागले, धाकट्याला पाच, आणि अजूनही मी त्याला एकट्याला सोडत नाही.

भुंकणारा कुत्रा मला तितका धोक्याचा वाटत नाही. तोंड मिटलेलं, कान पुढे, शेपटी ताठ, अंग दगडासारखं, डोळे एका कोंबडीवर: हे दिसलं की तिथून वळवा, हाक मारत बसू नका. आणि तोंडात कोंबडी असेल तर मागे धावू नका, त्याला वाटतं पकडापकडी सुरू झाली. खाऊ दाखवून सोडवा. 'सोड' हा शब्द आधी चेंडूवर पक्का करून घ्या.

दोन कुत्री असलेल्यांसाठी: एकेकटे साधू असतात, जोडीने वेगळेच असतात.

माळावरचा
एवढं सगळं कशाला? आमच्या वस्तीवर कुत्री कोंबड्यांतच वाढतात, कोणी कोणाला हात लावत नाही. हे शहरी लाडांचे परिणाम.

दोन_शेपट्या
@माळावरचा, दोन महिन्यांचं पिल्लू कोंबड्यांत वाढलं तर खरंच फरक पडतो. पिल्लंवाली कोंबडी त्याला दोनदा टोचून अक्कल शिकवते. साडेतीन वर्षांच्या फ्लॅटवाल्याला ती संधी मिळालेली नाही. शिवाय तुमच्या वस्तीवर ज्या कुत्र्याने कोंबड्या खाल्ल्या, तो आज वस्तीवर आहे का? त्याची गोष्ट कोणी सांगत नाही.

माळावरचा
…मुद्दा आहे. काळ्याला हाकलून दिला होता.

गुरांचा_डॉक्टर
रक्त नव्हतं म्हणून नवल वाटून घेऊ नका. तोंडात धरून एकदा झटकलं तरी कोंबडीला आतून मार बसतो, धसक्यानेही जाते.

वाचलेली कोंबडी असेल तर तिला आधी अंधाऱ्या, उबदार खोक्यात, बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. रक्त दिसलं की सख्ख्या बहिणीही टोचतात. पिसं बाजूला करून नीट बघा. दाताचं भोक वर बारीक, पण खाली कातडी बरीच सुटलेली असते. मिठाच्या कोमट पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. पावसाळ्यात जखमेवर माशी बसली की एका दिवसात अळ्या. घरातल्या माणसांच्या गोळ्या देऊ नका. अँटिबायोटिक सुरू असेल तर अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारून घ्या.

आणि कोंबड्यांचं खाद्य ब्रुनोच्या तोंडी लागू देऊ नका. कॉक्सिडिओसिस या कोंबड्यांच्या आतड्याच्या रोगावरची काही औषधं खाद्यात मिसळलेली असतात, त्यातली मोनेन्सिनसारखी कुत्र्याला बाधतात.

आगरातली
सगळ्यांचे आभार! एक प्रश्न राहिला. शेजारच्या काकू म्हणतात पंख कापा, म्हणजे कोंबड्या वाड्याबाहेर उडून जाणार नाहीत. कापू का?

चिराबंदी
एका पंखाची मोठी पिसं कापली तर उडणं थांबतं, दुखत नाही, पिसं झडली की नवी येतात. पण मी कापणार नाही. गावठी कोंबडीचा जीव तिच्या उडण्यात आहे. उद्या कडी पुन्हा निसटली तर ती फणसावर तरी जाईल. त्यापेक्षा वाड्यावरून जुनी मासेमारीची जाळी ताणा, घारीचाही बंदोबस्त होईल.

हुरडापार्टी
आणखी एक. घरी कोंबडी कापली की आतडी-पिसं कुत्र्यापुढे टाकायची सवय असेल तर ती आधी बंद करा. एका हाताने चव लावायची आणि दुसऱ्याने काठी उगारायची!

आगरातली
अगदी हेच चालतं आमच्याकडे. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या काही बोलल्या नाहीत, पण रविवारी पिसं माडाच्या अळ्यात पुरली.

वेल्डमेश उद्या चिपळूणहून आणतोय. तोवर कोंबड्या दुपारी डालग्याखाली आणि ब्रुनो माझ्या खोलीत, दार लावून. दोघंही ओरडतात.