दिवसभराच्या नोकरीनंतर अंगात त्राण उरत नाही. व्यायाम कधी आणि किती बसवायचा?

पायरीपायरीने

माझ्या कामाची वेळ साडेनऊ ते साडेसहा, दोन्हीकडचा प्रवास धरून घराबाहेर साडेअकरा तास. काम पूर्ण बैठं, स्क्रीनसमोरचं. घरी पोचायला पावणेआठ, झोपायला साडेअकरा, उठायला साडेसहा. वय 38, रक्तदाब आणि साखर ठीक, जुनी दुखापत नाही. आठवड्याला सहा दिवस, रोज एक तास असं ठरवून तीनदा सुरुवात झाली आणि तिन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात बंद पडलं. घरात 5 किलोचे दोन डंबेल, चटई आणि एक भक्कम खुर्ची आहे.

विचारायचं आहे ते असं: कमीत कमी किती व्यायाम पुरेसा? सकाळी करावा की संध्याकाळी? खरा थकवा आणि कंटाळा यांतला फरक कसा ओळखायचा? आणि सगळा व्यायाम शनिवार-रविवारी उरकला तर चालेल का?

मोजूनमापून

तुमच्या दिवसात तो आराखडा मावतच नव्हता. एक तासाचा व्यायाम म्हणजे कपडे बदलणं आणि आंघोळ धरून दीड तास. सहा दिवसांचे नऊ तास. पावणेआठ ते साडेअकरा या वेळेत जेवण आणि घरचं सगळं बसवून रोज दीड तास काढणं पहिले दोन आठवडे उत्साहावर निभतं, पुढे नाही. आराखडा सगळ्यात वाईट दिवसाला झेपेल असा हवा.

आधी प्रमाण बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरकस हालचाल सांगितली आहे, शिवाय सगळ्या मोठ्या स्नायूंचा व्यायाम किमान दोन दिवस. सलग दहा मिनिटं झाली तरच धरायची, ही जुनी अट त्यात राहिलेली नाही. त्यामुळे पाच मिनिटांचे जिनेही हिशोबात येतात. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाता येत नाही इतका वेग. जोरकस म्हणजे दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो.

तुमच्यासाठी दोन दिवस ताकदीचा व्यायाम, बाकी चालणं. ताकदीचे दिवस मंगळवार आणि शनिवार ठेवा. एक कामाच्या दिवशी, एक सुट्टीच्या दिवशी, म्हणजे कामाच्या आठवड्यात एकच संध्याकाळ द्यावी लागते.

मंगळवार: डंबेल छातीशी धरून खुर्चीला टेकेपर्यंत बैठक, तिच्या जोडीला डंबेल रो (एक हात खुर्चीवर टेकून, दुसऱ्या हाताचं कोपर कंबरेकडे मागे ओढायचं). दुसरी जोडी, टेबलाच्या कडेवर हात ठेवून जोर आणि पाठीवर झोपून गुडघे मोडून ग्लूट ब्रिज (टाचा रोवून कंबर वर उचलायची).

शनिवार: रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकलेले, कंबर मागे ढकलत डंबेल मांडीवरून नडगीच्या मध्यापर्यंत, पाठ सरळ) आणि डोक्यावर डंबेल ढकलणं. दुसरी जोडी, लंज (एक पाय मागे टाकून दोन्ही गुडघे वाकवत खाली जायचं) आणि 20 ते 30 सेकंद प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरायचं).

जोडीतल्या दोन्ही व्यायामांचा एकेक सेट (न थांबता सलग केलेली आवर्तनं) आलटून पालटून करायचा. पायांचा सेट चालू असताना हात विश्रांती घेतात, म्हणून सेटमधली विश्रांती 50 सेकंदांवर आणता येते. प्रत्येक सेटमध्ये 8 ते 12 रेप्स (आवर्तनं). एक सेट साधारण 40 सेकंदांचा, म्हणजे विश्रांतीसह दीड मिनिटाचा. चार व्यायामांचे दोन-दोन सेट 12 मिनिटांत होतात, तीन-तीन सेट 18 मिनिटांत. आधी चार मिनिटं वॉर्मअप: जागेवर चालणं, खांदे फिरवणं, वजनाशिवाय दहा बैठका. सगळं मिळून 16 ते 22 मिनिटं.

तिसऱ्या आठवड्यात बंद पडण्याचं आणखी एक कारण सहसा पहिल्याच दिवशी घडलेलं असतं. नवख्या स्नायूंना पहिल्या दिवशी चार-पाच सेट दिले की ते दुखायला लागतात आणि ते दुखणं साधारण 24 ते 72 तासांत सर्वांत जास्त असतं. म्हणजे नेमका पुढच्या व्यायामाचा दिवस त्यात सापडतो, तो चुकतो आणि घडी विस्कटते. म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येकी एकच सेट, दुसऱ्यापासून दोन, पाचव्यापासून तीन. प्रत्येक सेट अजून दोन-तीन रेप्स निघतील असं वाटतं तिथेच थांबवायचा. हे अपुरं वाटेल, पण तसंच करा.

लागोपाठ दोन वेळा सगळ्या सेटमध्ये 12 रेप्स नीट निघाले की व्यायाम अवघड करायचा. 5 किलो पायांना लवकरच हलके पडतील. मग क्रम असा: खाली जायला तीन सेकंद, नंतर तळाशी एक सेकंद थांबणं, नंतर पाठपिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून ती छातीशी धरणं (एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब सोपा). जोर जड करायचा तर टेबलावरून खुर्चीवर आणि शेवटी जमिनीवर यायचं. खुर्ची भिंतीला टेकवूनच.

उशिराची_गाडी

थकव्याबद्दल लिहितो, कारण बैठ्या कामात सगळ्यात जास्त फसगत तिथे होते.

दिवसभर स्क्रीनसमोर बसून आलेला थकवा बहुतांश डोक्याचा असतो. हृदय, फुप्फुसं, स्नायू यांची क्षमता जवळजवळ होती तेवढीच असते. फक्त तेच काम जास्त कष्टाचं *वाटतं*. म्हणून घरी येताना दहा पावलंही नको वाटतात आणि सुरुवात केल्यावर पाच-सात मिनिटांत अंग मोकळं होतं. यावर उपाय एकच, निर्णय त्या वेळी घ्यायचाच नाही. 'आज करू का?' हा प्रश्न पावणेआठ वाजता पडला तर उत्तर नाही असंच येणार.

सकाळी निघण्यापूर्वी चटई अंथरून, डंबेल त्यावर आणि कपडे दाराजवळ ठेवून जा. आल्यावर बूट काढायचे, हातपाय धुवायचे, थेट कपडे बदलायचे. मधे बसायचं नाही, फोन हातात घ्यायचा नाही. एकदा पाठ टेकली की उठणं फार जड जातं. रात्रीचं जेवण व्यायामानंतर ठेवा, कारण भरपेट जेवणानंतर दोन-तीन तास तरी बैठका आणि प्लँक नको. दुपारच्या जेवणाला सात तास होऊन गेले असतील तर निघण्यापूर्वी एखादं केळं किंवा मूठभर दाणे खा. बऱ्याचदा ज्याला आपण थकवा म्हणतो त्यात भूक आणि तहान मिसळलेली असते.

मग दहा मिनिटांचा नियम: वॉर्मअप आणि पहिल्या जोडीचा एकेक सेट करायचाच. दहा मिनिटांनंतरही अंग जड, डोकं भणभणतंय, नेहमीचं वजन विचित्र भारी वाटतंय तर थांबायचं, अपराधी वाटून न घेता. तो दिवस वहीत 'झाला' असाच लिहायचा. खरा थकवा या दहा मिनिटांत स्वतःहून दिसतो.

काही गोष्टी मात्र दहा मिनिटांची परीक्षा न घेता थेट विश्रांतीच्या आहेत. ताप, आदल्या रात्री चार-पाच तासांपेक्षा कमी झोप, किंवा सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त. आठवडाभर रोज मोजली की तुमचा नेहमीचा आकडा कळतो. छातीत दुखणं किंवा दडपण, चक्कर, श्रमाच्या मानाने जास्त धाप यांपैकी काहीही झालं तर व्यायाम तिथेच बंद करून डॉक्टरांकडे. आणि पुरेसं झोपूनही महिनोन्‌महिने थकवा हटत नसेल तर रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेणं व्यायामाच्या आधीचं काम आहे. घोरणं फार असेल तर झोपेचीही तपासणी.

पहाटवारा

सकाळचा एक फायदा निर्विवाद आहे: उशिरा संपणारी मीटिंग सकाळचा व्यायाम खाऊ शकत नाही. पण तुमच्या वेळापत्रकात मी घाईने तो सल्ला देणार नाही. साडेअकरा ते साडेसहा म्हणजे सात तास, प्रौढांना लागणाऱ्या झोपेची ती खालची मर्यादा. झोपायची वेळ न बदलता पावणेसहाला उठलात तर आठवड्याच्या पाच दिवसांत पावणेचार तास झोप जाते आणि त्याची भरपाई व्यायामाने होत नाही. सकाळच हवी असेल तर आधी रात्र हलवा. दर तीन-चार दिवसांनी झोपणं आणि उठणं दोन्ही 15 मिनिटं अलीकडे. 45 मिनिटं सरकायला जवळजवळ दोन आठवडे लागतील. दुपारनंतरचा चहा-कॉफी बंद करावा लागेल, कारण पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं साधारण पाच तासांनीही रक्तात असतं.

सकाळी करणाऱ्यांनी एक काळजी घ्यायची. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि पहिला तासभर कंबरेतून खोल वाकणं त्यांना जास्त ताण देतं. उठल्या उठल्या डेडलिफ्ट किंवा पायाचे अंगठे धरणं नको. त्या वेळी चालणं, जोर, रो करावं. वाकण्याचे व्यायाम उशिरा. वॉर्मअपही चारऐवजी सात-आठ मिनिटं.

संध्याकाळी शरीराचं तापमान जास्त असतं, सांधे सैल असतात, ताकदही थोडी जास्त निघते. 'रात्री व्यायाम केला की झोप उडते' हे सरसकट खरं नाही. मध्यम व्यायाम बहुतेकांच्या झोपेला त्रास देत नाही; अडचण होते ती झोपण्याआधीच्या तासाभरात दमछाक होईल असा जोरकस व्यायाम केल्याने. आठला सुरू करून साडेआठला संपणारा व्यायाम तुमच्या साडेअकराच्या झोपेपासून पुरेसा लांब आहे. माझं मत: तुम्ही संध्याकाळच ठेवा.

पायरीपायरीने

फार नेमकी माहिती मिळाली. दोन गोष्टी राहिल्या. चालण्याची 150 मिनिटं कुठून काढायची? आणि ज्या आठवड्यात काम रात्री दहापर्यंत लांबतं त्यात काय? शिवाय बैठकांमध्ये गुडघे कटकट वाजतात, ते चालेल का?

मोजूनमापून

चालणं व्यायामाच्या वेळेत घालूच नका, कामाच्या दिवसात पेरा. जेवणाच्या सुट्टीत जेवून झाल्यावर 12 मिनिटं आणि प्रवासात एक थांबा आधी उतरून 12 मिनिटं. दिवसाला 24, पाच दिवसांत 120. रविवारी 30 मिनिटांची एक फेरी धरली की 150 पूर्ण. जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातली साखर कमी चढते आणि दुपारची पेंगही उतरते, म्हणून ती 12 मिनिटं मला सगळ्यात मोलाची वाटतात. वेग मात्र बोलता येईल पण गाता येणार नाही असाच. फोनवर बोलत रमतगमत केलेल्या फेऱ्या बसण्यापेक्षा बऱ्या, पण त्या या 150 मध्ये धरू नका.

शनिवार-रविवारचं विचारलं होतंत. आठवड्याचं प्रमाण दोनच दिवसांत पूर्ण करणाऱ्यांनाही हृदयाच्या आरोग्याचा बराचसा फायदा मिळतो, तेव्हा काहीच न करण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. पण पाच दिवस बसून शनिवारी एकदम दोन तास धावलं तर पोटरी आणि घोट्यामागचा स्नायुबंध दुखावतो. स्नायू आठवड्यांत तयार होतात, स्नायुबंधांना महिने लागतात. त्या दोन दिवसांचा वेळ आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपासच वाढवायचा.

उशिराची_गाडी

लांबलेल्या आठवड्यासाठी. मिळवलेली ताकद *टिकवायला* ती मिळवण्यापेक्षा खूप कमी लागतं. आठवड्यातून एकदा, प्रत्येक व्यायामाचा एकच सेट, पण वजन तेच. एवढ्यावर ताकद कित्येक आठवडे टिकते. इथे लोक उलटं करतात, वजन कमी करून सेट तेवढेच ठेवतात. कमी करायचे ते सेट आणि दिवस, वजन नाही. म्हणजे त्या आठवड्यात फक्त शनिवारी सहा-सात मिनिटं, अधिक वॉर्मअप. दमसास मात्र लवकर उतरतो, दोन आठवड्यांच्या पूर्ण खंडानेही फरक जाणवतो, म्हणून जेवणानंतरची 12 मिनिटं त्या आठवड्यातही सोडू नका.

खंड पडल्यावर परत येताना पहिल्या दिवशी एकच सेट. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट कधीच नाही, दुखणं पुन्हा तिथूनच सुरू होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांचा सवयींवरचा 2010 मधला एक अभ्यास आहे. त्यात रोजची एखादी गोष्ट अंगवळणी पडायला लागलेला मधला आकडा 66 दिवसांचा होता, पण फरक 18 ते 254 दिवसांइतका मोठा. पाणी पिण्यापेक्षा व्यायामाची सवय लागायला जास्त दिवस लागले, आणि एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही. तेव्हा तिसऱ्या आठवड्यात सोपं वाटत नसेल तर ते अगदी अपेक्षित आहे.

दोन_पाळ्या

हा धागा वाचणाऱ्या आणि उभ्याने किंवा ओझी उचलून काम करणाऱ्यांसाठी एवढंच: वरचा डोक्याच्या थकव्याचा मुद्दा तुम्हाला तसाच लागू होत नाही. तुमचे पाय आणि कंबर खरोखर दमलेले असतात. ताकदीचे दोन्ही दिवस सुट्टीच्या दिवसांजवळ ठेवा, कंबर वापरली जाते तिथे डेडलिफ्टऐवजी ग्लूट ब्रिज घ्या आणि कामात न होणारी हालचाल (बहुतेकदा मागे ओढणं, म्हणजे रो) जास्त करा. रात्रपाळी असेल तर व्यायाम झोपून उठल्यावर, कामाला निघण्यापूर्वी. पाळी संपल्यावर नको. त्या वेळी आधीच झोप कमी पडते.

पहाटवारा

गुडघ्यांचं उत्तर राहिलं. नुसता आवाज, दुखणं नाही, सूज नाही, तर काळजी नको. बैठका चालू ठेवा. वाटीच्या समोर दुखत असेल तर खुर्चीवर एक-दोन उशा ठेवून खोली कमी करा, आधी कंबर मागे न्या मग गुडघे वाकवा, आणि गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा, आत झुकू देऊ नका. दुखणं दहापैकी तीनपर्यंत राहून दुसऱ्या सकाळपर्यंत उतरत असेल तर त्याच खोलीवर थांबा. दर आठवड्याला एक उशी काढा. गुडघा अडकणं, अचानक लचकणं किंवा सूज दिसली तर मात्र बैठका बंद करून दाखवून घ्या, तोपर्यंत ग्लूट ब्रिज आणि वरच्या अंगाचे व्यायाम चालू ठेवता येतील.