चौधारी घेवड्याचं बी रुजेना, काय चुकतंय?

नवशी माळीण:
यंदा सामूहिक बागेत नेहमीची भेंडी-टोमॅटो सोडून फारसं कुणी न लावलेलं गावरान वाण लावायचं ठरलं. मी हौसेनं चौधारी घेवडा अंगावर घेतला. एका जाणत्या आजींनी मोजून २० बिया दिल्या. त्यातल्या १२ पेरल्या. १७ दिवस झाले, उगवल्या दोन. काल राहवेना म्हणून माती उकरली, तर सात बिया पेरल्या तशाच, खडे! उरलेल्या तिघींचा लगदा, वासही मारतोय. हाताशी आता आठच आहेत आणि जो तो विचारतोय, "काय, आला का वेल?"

जुनी खुरपी:
खडे राहिलेल्या बिया मेलेल्या नसतात हो. टरफल इतकं टणक की पाणी आत शिरतच नाही. डोळ्याची बाजू (बी शेंगेला चिकटलेलं असतं तिथली खूण) सोडून एक कड पॉलिश पेपरवर घासा, आतला फिकट रंग दिसला की थांबा. मग रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी जी टम्म फुगली तीच पेरायची, बाकीच्या परत घासायच्या. त्या सात धुऊन घ्या, टाकू नका.

मातीचे हात:
लगदा झाला तो पाण्यानं. रोज झारी चालवली असणार! माती ओलसर हवी, चिखल नको. आणि ऊब हवी, २५ अंशांच्या वरच. कागदी पेल्यात लावा, म्हणजे पेल्यासकट जमिनीत जाईल, मुळं दुखावणार नाहीत.
आणखी एक. बहुतेक वाण दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलत नाहीत. पहिल्या वर्षी मी नुसताच पाला बघून वैतागले आणि भरात आलेला वेल उपटला. अजून हळहळते. तोवर कोवळी पानं खुडून भाजी करा.

जुनी खुरपी:
आणि शेंगा धरल्या की दोन-तीन वेलावरच वाळू द्या, बियाण्याला. घेवडा बहुतेक स्वतःच्याच परागावर धरतो, भोपळ्यासारखी शेजारच्या वाणाशी सरमिसळ सहसा होत नाही.

नवशी माळीण:
झारीचं अगदी खरं निघालं. सकाळी मी पाणी घालत होते आणि संध्याकाळी आणखी कुणीतरी! राखीव आठ तशाच ठेवल्यात, आधी त्या सातच घासल्या. घासताना बी निसटलं आणि माझं नख सोललं, ते सोडा. सकाळी पाच टम्म, दोन अजून हट्टी. पाचही पेल्यांत गेल्या. वर चिठ्ठी चिकटवलीय : "पाणी फक्त मी घालणार."